आपलं रामदासपेठचं खातं

आई, आज मी आपलं रामदासपेठचं खातं बंद करायला गेले होते. तुला हे आवडलं नसतं, शाखेच्या पायऱ्या चढतानाच मला ते कळत होतं. पण तू जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि मागे राहिलेल्यांना आपापली कामं उरकावी लागतात. बँकेचा निरोप आला होता, की खात्यात बरेच दिवस काही व्यवहार नाही, खातं निष्क्रिय झालंय, कागदपत्रं घेऊन स्वतः या. स्वतः! जर्मनीहून! दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "कशाला तो झमेला ठेवतेस? जातेच आहेस तर बंद करून मोकळी हो." मलाही पटलं. माझा पगार, घरभाडं, विजेचं बिल, लेकीच्या शाळेचं जेवण, सगळं मोबाईलमधल्या बँकेतून होतं. त्या बँकेला शाखा नाही, पायऱ्या नाहीत, आणि मला आजवर तिच्यासाठी कुठे जावंही लागलं नाही.

हे खातं तू उघडून दिलंस तो दिवस मला अजून दिसतो. माझं नर्सिंगचं पहिलं वर्ष आहे. दवाखान्यातली तुझी आयाची ड्यूटी नुकतीच सुटली आहे, अंगावर तीच निळ्या काठाची साडी, हाताला फिनाईलचा वास. तू मला रस्त्यापलीकडच्या बँकेत ओढत नेतेस आणि काउंटरवर सांगतेस, "दोघींच्या नावानं काढा. पह्यलं माहं, मंग हिचं. उद्या हिचं लगन झालं तरी हे खातं हिचंच राहीन." मी लाजेनं मेल्यासारखी झाले होते. अख्खी रांग ऐकत होती! तुला कुठलीही गोष्ट हळू बोलताच येत नसे, आई. वॉर्डातले पेशंटसुद्धा म्हणायचे, आया आली की झोप मोडते.

आणि ते पासबुक! दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तू ते पाटावर मांडायचीस आणि हळदकुंकवाचं बोट नेमकं मागच्या काळ्या रेघांवर टेकवायचीस. त्या रेघा वाचूनच मशीन नोंदी छापतं, हे मी तुला दर वर्षी सांगायचे. दिवाळी झाली की मशीन पासबुक बाहेर फेकायचं, आणि तू तरातरा साहेबाच्या टेबलाशी. "मॅडम, याच्यावर कुंकू लावू नका." "माह्या लक्ष्मीले नाही लावाचं तं काय तुमच्या मशीनले लावाचं?" बिचारा हसत हसत नवी पट्टी चिकटवून द्यायचा. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. नागपुरात असं करणारी तू एकटीच नव्हतीस म्हणा. तो म्हणायचा, दिवाळीनंतरचा आठवडा आमचा पट्ट्या बदलण्यातच जातो.

जर्मनीत गेल्यावर पहिल्या महिन्यात मी फार रडले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. हॉस्पिटल म्हणे, पगारासाठी खातं हवं. घरमालक म्हणे, भाड्यासाठी खातं हवं. गल्लीतल्या मोठ्या दगडी बँकेत गेले तर तिथली बाई म्हणाली, आधी घराचा पत्ता आणा, मग भेटीची वेळ देऊ. घर नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही. शेवटी बरोबरच्या केरळच्या नर्सनं ही मोबाईलची बँक दाखवली. कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरायचा, मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि झालं. परक्या मुलखात पहिल्यांदा कोणीतरी मला काही न विचारता आत घेतलं होतं. म्हणून त्या बँकेला नावं ठेवलेली मला आजही खपत नाहीत, तू ठेवलीस तरी.

आणि तू तर ठेवलीसच. व्हिडिओ कॉलवर मी हौसेनं दाखवायला गेले, तर तू स्वयंपाकघरात वांगी भाजत होतीस. "कुठी आहे वं तुही बँक?" "यातच आहे, मोबाईलमध्ये." "साहेब कुठी बसते?" "साहेब नसतो." "मंग भांडाचं कोणासंग?" मी म्हटलं, भांडायची गरजच पडत नाही, ती मला चेहऱ्यानं ओळखते. तू वांगं उलटवलंस आणि म्हणालीस, "आन दाढ दुखून तोंड सुजलं तं?" मी इतकी हसले, इतकी हसले! पण लगेच तू आवाज चढवलास. "दात काहून काढून राहिली? इथलं खातं मोडाचं नाही, सांगून ठेवतो. गावात एक तरी जागा अशी पाहिजे का जिथं जाऊन आपलं नाव सांगता येते." मी हो हो म्हणून फोन ठेवला. तेव्हा आपलं भाड्याचं घर होतं, तू होतीस. माझं नाव सांगायला मला बँकेची काय गरज होती?

आज मावशी सोबत आली होती, सकाळच्या बसनं उमरेडहून. तुझा मृत्यूचा दाखला तिनं इतकी वर्षं जपून ठेवलाय, तो कॅरीबॅगमध्ये घालून छातीशी धरून आणला. काउंटरवरची मुलगी चांगली होती, माझ्याहून बरीच लहान. तिनं संगणकात पाहून विचारलं, "या पहिल्या नावाच्या कोण?" मी म्हटलं, माझी आई, ती आता नाही. मग म्हणाली, आईंचं नाव कमी करून, परदेशात राहणाऱ्यांचं असतं तसं खातं करता येईल, नाहीतर बंद करता येईल. "आणि मॅडम, इथला पत्ता?"

आपलं घर तू गेल्यावर आम्ही सोडलं. दादा पुण्यात. जन्म इथे, शाळा इथे, लग्नाच्या साड्या घ्यायला सीताबर्डीच्या दुकानादुकानांतून तुझ्यामागे पाय तुटेस्तोवर फिरले, आणि या शहरात लिहायला मला एक ओळ नव्हती! मावशी मधेच बोलली, "माह्या घरचा लिही वं पोरी, उमरेडचा. बंद काहून करून राहिली? माह्या बहिणीनं भांडूभांडू ठेवलं ते." मी म्हटलं, मावशी, तू थांब जरा, आणि बंद करायचा अर्जच मागितला. अर्धा भरलासुद्धा. सारखं सारखं कोण येणार जर्मनीहून?

मी लिहीत असताना ती मुलगी म्हणाली, "बघा मॅडम, चालू ठेवलं तर नॉमिनी मात्र द्यावा लागेल. आता कोणाचंच नाव नाही." मी सहज विचारलं, लेकीचं देता आलं असतं? ती तिकडेच जन्मली आहे. "येतं ना." मग मी विचारलं, "उद्या माझं काही झालं तर तिला हे पैसे तिकडून मोबाईलवर काढता येतील?" मुलगी ओशाळली. "नाही हो. आमच्याकडे स्वतः यावं लागते, मूळ कागद घेऊन. याच शाखेत. दोन-तीन चकरा पण होतात." तिला वाटलं, आता मी तडकणार. मीही तडकलेच असते. पण माझा पेन थांबला. म्हटलं, "मग चालू ठेवा. पत्ता मावशीचा लिहा."

तुझं नाव खोडायच्या अर्जावर मी सही केली. मावशी पदरानं डोळे पुसत होती आणि बाहेर आल्यावर मला सांगत होती, बहिणीची आठवण ठेवली वं बाई तू. दादाला अजून वाटतंय की खातं बंद झालं.

आई, हे पत्र कुठे टाकायचं? आपला जुना पत्ता तर आज मीच अर्जात रद्द करून आले. राहील बॅगेत. तू न पाहिलेली तुझी नात आपलं बोलणं समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. नागपूर म्हणजे तिच्या लेखी ऊन आणि संत्री. मी आहे तोवर मी तिला हाताला धरून आणीन. नंतर ती कशाला येईल? मावशी काय जन्माला पुरणार आहे? मोबाईलमधलं सगळं तिला घरबसल्या मिळेल, एवढ्यासाठी मात्र तिला यावं लागेल. उन्हातान्हात येईल, विचारत विचारत रामदासपेठेत पोचेल, कोणीतरी तिला उद्या या म्हणून सांगेल, आणि ती मला मनातल्या मनात, जर्मनमध्ये, शिव्या घालेल. घालू दे. काउंटरवर उभं राहून तिला तिचं नाव सांगावं लागेल, मग माझं, आणि जुन्या पासबुकावरचं माझ्या आईचं. मावशीला सांगितलं नाही, तुला सांगते. खातं मी तुझ्या आठवणीसाठी ठेवलेलं नाही.