तापलेल्या मालाचा वास

प्रिय ठकू,

तुझं दोन ओळींचं पत्र वाचून घेतलं. ‘मी बरी आहे, काळजी करू नकोस,’ एवढंच. बरी असलेली माणसं इतकं थोडं लिहीत नाहीत, एवढं मला अक्षरओळख नसतानाही कळतं. मावशी सांगत होती, तू दिवसभर खोलीत पडून असतेस आणि घरातलं प्लास्टिकचं स्टूल तू माळ्यावर टाकलंस. मग बिचारीनं बसायचं कशावर? तिचे गुडघे बघ जरा.

माझं म्हणशील तर चाललंय. परवा दूध करपलं. शेजारीण दार बडवत आली तेव्हा कळलं. डोळा लागला होता, असं तिला ठोकून दिलं. म्हातारपणाचं हे एक बरं असतं, त्याच्या पदराखाली काहीही झाकून जातं.

तुला आपल्या प्लास्टिकच्या कारखान्यात चिकटवलं तेव्हा सगळे म्हणाले, नाकवालीची नात आली. बत्तीस वर्षं मी मशीनमागे उभी राहिले ती या नाकाच्या जोरावर. माल जास्त तापला की आधी विझलेल्या मेणबत्तीसारखा वास सुटतो, मग घशाला झोंबतो. बाकीच्यांची नाकं तिथे कधीच बधिर झालेली. तू मात्र शिकून आलेली. तू समजावलंस, प्लास्टिकच्या पोटात लांबच लांब साखळ्या असतात, उष्णता प्रमाणाबाहेर गेली की त्या तुटतात. वरून वस्तू चकचकीत, आत जीव नाही. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या आजोबांसारखंच की. किती हसली होतीस.

त्या दिवशी तू दोनदा माझ्याकडे आलीस. तापमानाचा काटा वर गेलाय, आजी, मशीन थांबवू का? मी म्हटलं, काट्याला नाक असतं का गं? चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवायला येऊ नकोस. सगळे खिदळले. तू लाल होऊन मागे फिरलीस. त्या पाळीची स्टुलं काय देखणी निघाली. त्यातल्याच एकावर चढून तो रंगारी छताला रंग देत होता. स्टुलाचा पाय खडूसारखा मोडला आणि त्याचं कंबरेखालचं अंग गेलं. चौकशीत तू एवढंच म्हणालीस, मशीन माझ्या ताब्यात होतं. माझं नाव घेतलं नाहीस. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. मीही घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात रंगाऱ्याकडे जाऊन आले. त्याच्या बायकोनं दारातच विचारलं, आता आणखी काय बघायचं राहिलंय? तो आतून म्हणाला, येऊ दे. मग म्हणाला, तुमची ती पोरगी आली होती, तासभर पायाशी बसली, एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. खानदानी रोग आहे आपला.

आता ऐक. त्या पाळीच्या तीन महिने आधी मला ताप आला होता ना, त्यात मला वास येणंच बंद झालं. समूळ. साबणाचा नाही, तुझ्या केसांतल्या तेलाचा नाही. नाक गेल्यावर नाकवाली कशाला उरेल, म्हणून कुणाला पत्ता लागू दिला नाही. तुझा चेहरा बघून मालाला हो-नाही म्हणायचे. त्या दिवशी तुझा चेहरा भेदरलेला दिसत होता, तरीही मी तुला मशीन थांबवू दिलं नाही, कारण सगळे बघत होते. तुझा काटा खरा होता, ठकू. हे पत्र मी मुद्दाम आपल्या मिस्त्रींकडून लिहून घेतेय, ज्यांनी तुला कामावरून काढलं त्यांच्याकडून. इथे येऊन त्यांचं पेन अडलंय. मी म्हटलं, लिहा. उद्या हेच ते मालकांना वाचून दाखवतील, आणि रंगाऱ्याच्या घरी मी स्वतः जाऊन सांगेन. तसं सांगून त्याचे पाय परत येणार नाहीत. तू मला पुन्हा आजी म्हणशील का, हे मी विचारत नाही, विचारायला तोंड नाही. ते मशीन थांबवायला निघालेली तू एकटी होतीस, आणि हे ठाऊक असलेली मी एकटी. म्हणून लिहिलं.

तुझीच,
खोटारडी म्हातारी