आमचा खून, तुमचा आवाज

बेहाला, कोलकाता
संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप वन्संना,

प्रेमलताचा वाकून नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली मनातल्या मनातच वाकते, पण पुरती वाकते).

तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी पूर्ण घेताय ना, की डॉक्टर म्हणजे कालचं पोर म्हणून अजून अर्धीच? मिरजेच्या बातम्या आमच्यापर्यंत पोचतात. शेजाऱ्यांनी कारल्याचा वेल तुमच्या कुंपणावर चढवला, तुम्ही गच्चीवरून एकदाच काय ते बोललात, आणि तेव्हापासून त्या घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करतात असं कळलं. ऐकून जिवात जीव आला. आवाज शाबूत आहे म्हणजे प्रकृती ठणठणीत असणार.

आम्ही सगळे मजेत. कौस्तुभला बँकेने इकडे पाठवल्यापासून तो रोज नवं बंगाली वाक्य शिकतो आणि मासळीवाल्यावर वापरून पाहतो. मासळी आपल्याकडे खात नाहीत, हे त्या माणसाला सांगण्याइतकं बंगाली अजून त्याला आलेलं नाही. मानसीचं ऑफिस न्यू टाउनला आणि घर बेहालाला. शहराच्या दोन टोकांची ही सोय ज्याने शोधून काढली (तुमचा भाचा) त्याला बँकेत कर्जं मंजूर करायचं काम दिलंय, देव त्या बँकेचं भलं करो. सून मला मुख्यतः डब्याच्या रूपात भेटते. सकाळी भरलेला जातो, रात्री रिकामा येतो.

डब्यावरून आठवलं, चैत्रालीबद्दल लिहायचं आहे. पोरगी जूनमध्ये इथल्या शाळेत नववीत आली. वर्गातल्या मुली चांगल्या आहेत, पण चौथीपासून एकत्र, आणि मधल्या सुट्टीत आपापसांत बंगालीत बोलतात. मुद्दाम नव्हे, आपण मिरजेत मराठीत बोलतो तसंच. चैत्रालीने घरी काही सांगितलं नाही. तिचा डबा रोज अगदी पूर्ण संपून येऊ लागला, त्यावरून मला कळलं. मी अकरा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये डबा नेला आहे. ज्या मुलीला मैत्रिणी असतात तिच्या वाट्याला स्वतःच्या डब्यातला अर्धाही घास येत नाही, ती घरी येते ती भुकेली. आमची मात्र सहा महिने पोटभर जेवून येत होती. कुठे बसून जेवतेस विचारलं तर म्हणाली, लायब्ररीच्या जिन्यात, तिथे वारा छान येतो.

अशात डिसेंबरात शाळेने जाहीर केलं की प्रत्येक वर्गाने दहा मिनिटांचा सिनेमा काढावा. आमच्या वेळी नागपूरच्या शाळेत सिस्टर आमच्याकडून संतांच्या आयुष्यावर नाटकं बसवून घ्यायच्या. त्यात कोणी खून करायचं नाही, फक्त शांतपणे मरायचं, आणि पडदा पडायच्या आत स्वर्गात पोचायचं. (मी तीन वर्षं कोकरू होते. चौथ्या वर्षी बढती मिळून झाड झाले.) आता काळ बदलला. नववी ‘अ’ने एकमुखाने थरारपट ठरवला. भूगोलाच्या बाई नकाशांच्या खोलीत मेलेल्या सापडतात, आणि मग एका विद्यार्थिनीला कुणा अनोळखी व्यक्तीचे फोन येऊ लागतात, अशी गोष्ट. इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ ‘तिसऱ्या तासाला कोण मेलं’ असा काहीसा होतो. भूगोलाच्याच बाई का, असं मी विचारलं. नुकतेच चाचणीचे मार्क मिळाले होते म्हणे.

श्रीतमा नावाची एक चष्मेवाली मुलगी दिग्दर्शक झाली. तिने घरून टोपी आणली, त्यावर कोणाचं काही चाललं नाही. बाकीची कामं वाटून झाल्यावर एकच उरलं, जे कोणालाच नको होतं, आणि ते नव्या मुलीला मिळालं. आवाज. म्हणजे फरशी पुसायच्या दांड्याला मोबाइल बांधायचा आणि तो बोलणाऱ्यांच्या डोक्यावर धरून उभं राहायचं. फोनवरच्या त्या धमकीवाल्याचा आवाज कुठून तरी पैदा करायचा हेही त्यातच आलं. चैत्राली घरी आली ती जणू हिमालयाचा नकाशा तिनेच काढल्यासारखी. रात्री दांडा उशाशी घेऊन झोपली. मी मनात म्हटलं, हा आवाज मिळाला नाही तर पोर पुन्हा जिन्यात वारा खायला जाईल.

शाळा सुटल्यावर चित्रीकरणाला घरचं मोठं माणूस हजर हवं असा नियम निघाला. मोठी माणसं सगळी कामात, म्हणून मी. पन्नास वर्षांनी कॉन्व्हेंटच्या फाटकातून आत गेले, वन्सं. शहर वेगळं, सिस्टर वेगळ्या, पण फरशीच्या मेणाचा वास तोच, जिन्याच्या कठड्यावर हात गुळगुळीत सरकतो तोही तसाच. व्हरांड्यात एक सिस्टर समोरून आल्या आणि मी नकळत भिंतीला लागून उभी राहिले, पायमोजे सरळ आहेत का बघत. (पायात चपला होत्या.) त्या माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान असतील.

चित्रीकरणाची हकिकत थोडक्यात सांगते. थोडक्यात म्हणजे तुम्ही फोनवर सांगता तितक्याच थोडक्यात. रक्त म्हणून मुलींनी आलता आणला, इकडे बायका सणासुदीला पायांना लावतात तो लाल रंग. पण तो पाण्यासारखा पातळ, भूगोलाच्या बाई मेल्यासारख्या न दिसता लग्नाला निघाल्यासारख्या दिसू लागल्या. रक्त दाट हवं, असा श्रीतमाचा आग्रह. तेव्हा एकीने घरून नोलेन गूळ आणला. हा इथला खजुराचा थंडीतला पातळ गूळ, इतका सुरेख की बंगाली माणूस त्याच्यासाठी खून करील. इथे तो खुनासाठीच वापरला. आलता आणि गूळ एकत्र करून प्रेतावर ओतला. रंग झकास आला. मुलगी डोळे मिटून नकाशांच्या खोलीत पडली, चैत्रालीने दांडा धरला, श्रीतमाने सगळ्यांना गप्प केलं, आणि शाळेतल्या यच्चयावत मुंग्यांना निरोप पोचला. प्रेताने धीराने बराच वेळ काढला. मग नाक आक्रसलं, मग एक पाय झाडला, आणि शेवटी ते किंचाळत उठून दक्षिण अमेरिकेच्या नकाशातून आरपार बाहेर पळालं. सिनेमातली सगळ्यांत खरी किंकाळी तीच, म्हणून ठेवली आहे. नकाशाची भरपाई वर्गाने दिली आणि फरशी मी पुसली, कारण दांडा आमच्याकडे होता.

आता आवाज. संगणकाकडून आवाज करून घ्यायचा नाही, माणसाचाच हवा, असा शाळेचा नियम. वर्गाच्या मॉनिटरने धमकी दिली ती प्रार्थनेच्या सूचनेसारखी वाटली. शाळेच्या दरवानाचा आवाज खर्जातला आहे, म्हणून त्यांना विनवलं, पण ते इतके भले की ‘तुला सोडणार नाही’ म्हणून झाल्यावर त्यांनी मुलीला जेवलीस का विचारलं. कौस्तुभने प्रयत्न केला. ऐकणाऱ्याला वाटावं की खातं गोठवलं जाणार आहे, पण फार तर तेवढंच. शेवटी मी. माझ्यावर सिस्टर बेनिग्नांनी वक्तृत्वाची किती मेहनत घेतली होती, तुम्हाला काय सांगू. मी उभी राहिले, खांदे मागे, हनुवटी वर, आणि खुनाची धमकी दिली. श्रीतमा फार नम्र मुलगी आहे. ती म्हणाली, छान आहे आजी, फक्त चहाला बोलावल्यासारखं वाटतं. त्या दिवशी घरी येताना चैत्राली ऑटोत दांडा दोन्ही हातांनी धरून बसली. चार दिवसांत आवाज मिळाला नाही तर श्रीतमा आवाजाचं काम आपल्या मावसभावाला देणार होती, आणि दांडाही त्याच्याकडेच जाणार होता.

तो रविवार. दुपारी जेवणं चालली होती, चैत्राली टेबलावर दांडा आडवा ठेवून त्याला बांधलेल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण नीट होतंय का बघत होती, आणि तुमचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर लावला, कारण हात पिठाचे होते. तुम्हाला आठवत असेलच, तुमच्या पुरणयंत्राबद्दल होता.

पहिल्याच वाक्याला कौस्तुभ ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. मी नेहमीप्रमाणे ‘हो वन्सं, नाही वन्सं’ करत होते. चैत्रालीकडे लक्ष गेलं तर पोरीचे डोळे चकाकत होते आणि तिने श्वास रोखला होता. तुमचं बोलणं मी पुन्हा इतकं ऐकलं आहे की जसंच्या तसं लिहू शकते: "कुठं ठेवलंयस ते मला माहीत आहे, प्रेमलता. इतकी वर्षं गप्प बसले म्हणजे विसरले, असं समजू नकोस. होळीच्या आत माझं पुरणयंत्र माझ्या हातात पडलं नाही, तर मी स्वतः येईन. आणि मी आले की माळ्यावरची एकेक वस्तू खाली येईल." (ते माळ्यावरच आहे, निळ्या पेटीत. हे मिरजेत बसून तुम्हाला कसं कळलं, तो वेगळ्या थरारपटाचा विषय आहे.) मग तुम्ही थांबलात, आणि त्याच आवाजात म्हणालात की पोरीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालत जा, नव्या शाळेत उपयोगी पडतात.

वन्सं, त्या रात्री नववी ‘अ’च्या सगळ्या मुलींनी तो आवाज ऐकला. एकीनेही मराठीचा एक शब्द ओळखला नाही आणि दोघींनी दिवा लावून झोपल्याचं कबूल केलं. खाली इंग्रजी मजकूर हवा म्हणून चैत्राली सलग काही संध्याकाळी माझ्याजवळ बसली. जी मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची ती ‘समजू नकोस’ आणि ‘हातात पडलं नाही’ यांचा अर्थ विचारून विचारून माझा जीव खाऊ लागली. भाषांतरात फारसं बदलावं लागलं नाही, हे तुमच्या शैलीचं यश. फक्त पुरणयंत्राच्या जागी श्रीतमाने ‘ते हत्यार’ घातलं.

शाळेच्या सभागृहात सिनेमा झाला. अंधारात तुमचा आवाज आला आणि तीनशे माणसं गार झाली. माझ्या मागे गौरी साने बसली होती, कौस्तुभच्या बँकेतल्या सानेंची बायको, आमच्या घरचे सोडले तर साऱ्या सभागृहात मराठी कळणारी एकटीच. ती ‘पुरणयंत्र’ ऐकून जी हसत सुटली ती थांबेना. शेजारच्या बाईंनी तिला भीतीने झटका आला असं समजून पाणी पाजलं. मला मात्र हसू आलं नाही. ‘येईन’ म्हणताना तुमचा आवाज शेवटी किंचित वर चढतो ना, तसाच तुमच्या भावाचाही चढायचा, भाजीवाल्याशी भाव ठरवताना. ते गेल्यापासून तो चढ माझ्या कानांवर पडला नव्हता; फोनवर मी तुमच्याशी बोलताना इतकी घाबरलेली असते की कधी नीट ऐकलंच नाही. मी चष्मा पुसला.

पहिलं बक्षीस मिळालं. सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या अभिनेत्री रंगभूमीवर असतात का. मी म्हटलं, स्वयंपाकघरात असतात, पण प्रेक्षक कधी कमी पडत नाहीत. चैत्रालीला मुलींनी खांद्यावर घेतलं नाही, तसं सिनेमात होतं. एकीने तिची पाण्याची बाटली न विचारता घेतली आणि पिऊन टाकली. आता डब्यात सहा पोळ्या देते आणि पोरगी संध्याकाळी फाटकातून आत येतानाच खायला मागते.

परवा कौस्तुभने ओला टॉवेल पलंगावर टाकला. चैत्राली दारात उभी राहून म्हणाली, "हे घर आहे का धर्मशाळा? उचल आधी तो." कौस्तुभने उचलला, वाळत घातला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आत्या मिरजेत आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि शेजाऱ्यांना मागच्या दाराने माझा निरोप.

तुमची भावजय,
प्रेमलता

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. सिनेमा आता शहरातल्या सगळ्या शाळांच्या महोत्सवात जातो आहे, आणि तिथे ज्याचा आवाज त्याची परवानगी लागते. तुम्हाला न विचारता तुमचा आवाज घेतला, हे मी तुम्हाला सांगितलं आहे असं गेले पंधरा दिवस मी चैत्रालीला सांगते आहे. परवानगी नसेल तर आवाज काढावा लागेल. मग सिनेमात उरतील त्या भूगोलाच्या बाई आणि मुंग्या, आणि वर्गात आमची चैत्राली कुठे उरेल ते मला ठाऊक नाही. कौस्तुभच्या फोनवर नुसतं ‘हो’ पाठवलंत तरी पुरे.

ता. क. दुसरा. पुरणयंत्र पाठवणारच होते, पण हत्यार शेवटच्या प्रसंगात दाखवावं लागलं. गूळ निघाला आहे. आलता बराचसा निघाला आहे.

ता. क. तिसरा. हे वाचून संताप आला असेल तर तो मनात ठेवू नका, तुमच्या रक्तदाबाला बरं नाही. सरळ फोन करा आणि मनसोक्त बोला, मध्ये न थांबता तीन-चार मिनिटं तरी. मुलींनी दुसरा भाग लिहायला घेतला आहे. फक्त संध्याकाळी दिवेलागणीला नको, तेव्हा शेजारचे शंख फुंकतात आणि ध्वनिमुद्रण बिघडतं.