ए ए ए म्हणजे मीच

१० नोव्हेंबर, सोमवार. कामोठे.
'रोड थंडर' या गेमचं सिंहावलोकन लिहायला घेतलं. (सिंहावलोकन: सि ऱ्हस्व. तपासलं.) मशीन कोपरखैरण्यात हिरामणकाकांच्या पार्लरमध्ये. लाल सीट, खरं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, जो कुणीच वापरला नाही. आठवीपासून रेकॉर्ड माझा.
स्क्रीनवर मात्र 'ए ए ए' दिसतं. नाव तीनच इंग्लिश अक्षरांत टाकायचं, तेही टायमरवर. शिवतेजचं एस-एच-आय केलं तर लोक 'शी' वाचतील. विचार करेपर्यंत वेळ संपला, मशीनने स्वतःचं ए ए ए ठेवलं. हे सगळ्यांना समजावून सांगावं लागतं.

१२ नोव्हेंबर
पार्लर बंद होतंय. तिथे केकचं दुकान येणार. मशीन रविवारी कळंबोलीला भंगारात. मी हक्काने मागितली. काका म्हणाले, "ज्याचा रेकॉर्ड त्याची मशीन. नाव दाखव आन ने."
दाखवलं. काका वाकून वाचायला लागले. "ए, ए, ए. तुजा नाव शिवतेज हाय ना रे?"
समजावलं. ते म्हणाले, उद्या झाडूवाली बयाबाई पन बोलेल, ती ए ए ए हाय.
शनिवारपर्यंत मुदत. रेकॉर्ड मोडायचा, नाव टाकायचं. सोपं आहे.

१३ नोव्हेंबर
स्टुलावर बसून ताटाचं स्टिअरिंग केलं. आईने ताट मागितलं, जेवायला वाढायचं होतं. सराव थांबला तो तिच्यामुळे.
सिंहावलोकनासाठी मुद्दा: ट्रकला धडकलो तरी गाडी आपोआप रस्त्यावर उभी राहते, चकाचक. मी नववीत धडकलो, अजून तिथेच आहे.
रंजिता विचारते, "दादा, मशीन घरात आली तर तू झोपणार कुठे?" मशीनला सीट आहे, एवढं तिला कळत नाही.
नाव ठरलं: एस-व्ही-टी. डोळे मिटूनही टाकता येतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.
रेकॉर्ड मोडला. खरंच मोडला. काका बाहेर टेम्पोवाल्याशी फोनवर. आत मी एकटा.
एस टाकला. व्ही टाकला. मग लक्षात आलं, एस-व्ही-टी म्हणजे 'स्वत'. स्वतः या शब्दाला विसर्ग लागतो. चुकीचा शब्द कायमचा वर राहणार. म्हणून मागे गेलो. सगळी अक्षरं पुन्हा ए झाली आणि टायमर संपला.
काका आत आले. स्क्रीन शर्टाने पुसली. "परत तोच आलता? चांगला खेलतो रे. भेटला तर सांग त्याला, मशीन त्याची. शब्द म्हंजे शब्द."
मी सांगतो म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
काकांना पटवायला लवकर गेलो. प्लग काढलेला. स्क्रीन काळी. आता ए ए ए पण नाही.
दारात उभा राहून बोलायची जुळवाजुळव करत होतो. मागून हमालाने हाक मारली, "ए, ए, ए."
मी लगेच वळलो.
"रस्ता सोड ना, भाऊ."
उच्चार अगदी बरोबर होता. रस्ता सोडला.