मेहनतीचा खुराक

बाबा, आज सकाळी फिरून आले आणि चपला काढता काढता तुमचा आवाज ऐकला. "झाली काय वं मेहनत?" दचकले नाही, आता सवय झाली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला घाम आला की तुम्ही येताच.

एकसष्ट साली तुमची अमरावतीहून अकोल्याला बदली झाली, तेव्हा माय नुकतीच गेली होती आणि जठारपेठेतल्या घरातली चूल माझ्याकडे आली होती. अमरावतीचा आखाडा सुटला, कचेरीतली खुर्ची मिळाली, आणि तुमचं अंग सुटत गेलं. जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, फिरा, खाणं आवरा. त्यातलं 'फिरा' एवढंच तुम्ही ऐकलंत! रोज स्टेशनापर्यंत जाऊन यायचात, वर अंगणात बैठका मारायचात, आणि मग चुलीपाशी येऊन बसायचात. तूप घातलेलं दूध हवं, ठेचलेले बदाम हवेत. "आंगानं काम केलं तं त्याले खुराक देनं पडते, पोरी. आमचा वस्ताद मेहनत केलेल्या पोराले उपाशी घरी जाऊ देत नोयता." आखाड्याचा कायदाच तो. पण तो वाढत्या वयाच्या पोरांसाठी होता, हे तुम्हाला कोण सांगणार? जेवढं जाळलं तेवढं, आणि वर मूठभर जास्तच, तुम्ही पोटात परत टाकत होतात.

काटा हलेना, तेव्हा डॉक्टर माझ्यावरच घसरले. "तू देतेस म्हणून ते खातात. बापाला जगवायचं आहे ना?" दुसऱ्या दिवसापासून मी पातळ ताक पुढे केलं. तुम्ही मुकाट्याने प्यायलात. वजन उतरलं, सदरे ढगळ झाले, धापही कमी झाली. मला केवढा आनंद झाला होता! पण फिरून आल्यावर तुम्ही तिथेच चुलीपाशी बसून राहायचात आणि मी पाठ करून भाकरी थापत असायची. एकदा हळूच म्हणालात, "आज थोडंसं देशीन काय वं? लय भूक लागून राह्यली."

"डॉक्टर रागावतीन नं, बाबा."

"बरं," म्हणालात आणि हसलात. त्याच हिवाळ्यात एका सकाळी बैठका मारून तुम्ही ओसरीवर टेकलात, ते उठलाच नाहीत.

हृदय आधीच थकलेलं होतं, दुधाचा त्यात काही संबंध नाही, उलट पथ्यानं आयुष्य थोडं वाढलंच, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंच असणार. मी स्वतः ओळखीपाळखीच्या लोकांना हेच पटवत आले की चालून आलात म्हणजे खायचा परवाना मिळाला असं नाही. आता माझ्या डॉक्टरीणबाई मलाही तेच सांगतात आणि वजन का उतरत नाही म्हणून विचारतात. मी 'कोण जाणे' म्हणते. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. फिरून आल्यावर मी भाकरी घेते, वर तूप घेते, आणि बसून सगळं संपवते. मला भूक नसते, बाबा. पण नाही खाल्लं, तर दिवसभर तुम्हाला भूक लागलेली असते.