ताशी एकशे दहाचा वारा

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

"कूलर आहे हा!" चार महिन्यांच्या कामाचा निकाल तीन शब्दांत.

नत्थूजीकाका आले होते ते माझ्या रेसिंग गेमच्या खुर्चीची लोखंडी चौकट घट्ट करायला. ब्रेक जोरात दाबला की ती मागे सरकत होती. गल्लीच्या टोकाला राहतात, गांधीबागेत चाळीस वर्षं गॅरेज होतं, तरुणपणी मातीवरच्या शर्यतीत गाडी पळवायचे हे मी ऐकून होते. बोल्ट आवळून झाल्यावर म्हटलं, बसून बघा ना काका. हेडफोन लावला, स्टीअरिंग हातात दिलं. दोन चकरा मारल्या आणि हेडफोन काढला.

"इंजिन झ्याक आहे वं. पण उघड्या गाडीत असा वारा नसते. हा कूलर आहे. बटन फिरवलं का जोरात, फिरवलं का हळू."

राग आला. मग हसू आलं. मग रडू! कारण मोहितही हेच म्हणतो, फक्त सभ्य भाषेत. गेम त्याचा, आवाजांचं काम माझं. वारा दोनदा परत आलाय. तिसऱ्यांदा आला तर तो दुसऱ्या कोणाकडून करून घेणार. त्यात त्याची चूक नाही.

१८ नोव्हेंबर

सकाळीच काकांकडे. म्हटलं, मग खरा वारा कसा असतो?

उत्तर न देता शेडमध्ये नेलं. ताडपत्री काढली. जुन्या जीपच्या चासीवर स्वतः बांधलेली गाडी. बुटकी, काच नाही, छत नाही, दोन सीट. पत्रा हाताने ठोकलेला. मी तिच्याभोवती नुसती फिरत राहिले. एका माणसाने हे एकट्याने केलं!

"साठले वारा कानात असते. नव्वदले छातीत. शंभरच्या वर गेली का इंजिन ऐकूच येत नाही, पायाले समजते फक्त. अन् मुंडी फिरवली का एक कान बंद, एक चालू."

कौशल्याकाकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याईले गाडीचं विचारलं का बोलतात बरोबर. घरात तोंडाले कुलूप." काका ताडपत्रीची दोरी बांधत राहिले.

२१ नोव्हेंबर

ठरलं! कुहीच्या पुढे बंद पडलेल्या सूतगिरणीचा आतला रस्ता. दीड किलोमीटर सरळ, दोन्ही बाजूंना कापलेलं धान. मालकाची परवानगी मिळाली. मटारच्या दाण्याएवढे दोन माइक काकांच्या कानांच्या तोंडाशी बसणार, वर हेल्मेट. म्हणजे काका जे ऐकतील तेच टेप होईल.

मला मात्र बसता येणार नाही. बाजूला माणूस बसला की हवा वेगळी वळते. सीट रिकामीच हवी.

२४ नोव्हेंबर, रविवार

आधी एक चक्कर मला दिली, रेकॉर्डिंगशिवाय. "ऐकून घे, मंग काम कर."

काय लिहू!

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी कानाशी कापड फाडतंय. मग ते कापड लांबतच गेलं, फाटायचं थांबेना. मग तो आवाज राहिलाच नाही, वजन झाला. डोकं मागे ढकलणारा, दातांत शिरणारा. डावीकडे पाहिलं तर उजवा कान गरजला आणि डावा एकदम शांत, खोलीचं दार लावून घ्यावं तसा. गिरणीच्या भिंतीजवळून गेलो तेव्हा आमचाच वारा भिंतीला लागून परत आला. मी ओरडले. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही!

उतरलो. काका म्हणाले, "वाऱ्याले आवाज नसतेच, भैरवी. तो मुका आहे. आपलं डोकं मधात येते म्हणून आवाज होते."

सतरा वर्षं आवाजाचं काम करतेय. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग काका एकटे, सहा चकरा. मी शेताच्या धुऱ्यावर उभी. गाडी लहान होत जायची, मोठी होत यायची. अडुसष्ट वर्षांचा माणूस. शेवटच्या दोन चकरा एकशे दहाने. उतरले तेव्हा डोळे लाल होते. गॉगल होता, तरी.

२५ नोव्हेंबर

दिवसभर ऐकतेय. जेवायचं विसरले. प्रत्येक सेकंदाला वारा वेगळा आहे. हेल्मेटच्या पट्ट्याची बारीक शिट्टी, आरशामागे घुमणारी हवा. एकसारखा तुकडा शोधून सापडत नाही. मी चार महिने मशीनमधून एकच सूं... वाजवत बसले होते, आणि तिकडे केवढं जग होतं!

संध्याकाळी पाचव्या चकरेत काहीतरी अडखळलं. घरघर, पण तालात. वाटलं माइक घासतोय. पूर्वी बाहेर उघड्यावर घेतलेल्या मुलाखतींमधून वारा काढून टाकायचं काम करायचे, तेच सगळं लावलं. खालचा गडगडाट कापला, वरची शिट्टी कापली. वारा विरत गेला.

आत माणूस बोलत होता. ओरडून बोलत होता.

"कौशल्या, ते पत्र आलं होतं वं. नर्सिंगवाल्याईचं. तुही निवड झाली होती. मी चुलीत टाकलं. तू आखाडापर्यंत रोज पोस्टमनची वाट पाह्यली अन् मी पाहत होतो..."

हेडफोन काढून ठेवला. 

२६ नोव्हेंबर

सहाव्या चकरेतही आहे. तेच. फक्त शेवटी, "माह्यं चुकलं, कौशल्या."

२७ नोव्हेंबर

पुसून टाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण मी ऐकलंय. रोज त्या पायरीवरून जाताना काकूंकडे कशी बघणार? गल्लीत कोणालाही इंजेक्शन द्यायचं असलं, बीपी बघायचं असलं की काकूंना हाक मारतात. बाजूच्या डॉक्टरकडे उभ्या राहून शिकल्या म्हणे. सगळे कौतुक करतात, "तुम्ही तर नर्सच व्हायला पाहिजे होतं!" आणि काका तिथेच बसलेले असतात. लग्नाला अडतीस वर्षं झालीत.

शेडमध्ये गेले. सरळ सांगितलं. काका, टेपमध्ये तुमचा आवाज आलाय.

पाना हातात होता, तो खाली ठेवला. "एवढ्या वाऱ्यात?"

"वारा काढता येतो काका."

चिंधी उचलून हातांचं ग्रीस काढलं. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली, गाडी काढली का बोलतो. तिथं कोनाले ऐकू येत नाही म्हणून तं बोलतो." आणि मग, "पुसून टाक."

हो म्हणून आले. पण अजून पुसलं नाही. बोट बटणावर जातं आणि थांबतं.

२९ नोव्हेंबर

सकाळी साडेसातला दारात काका. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. लग्नाला निघाल्यासारखे.

"पुसलं का?"

"नाही."

"नको पुसू. तिले ऐकव. मी लय डाव तोंड उघडलं, माह्याच्यानं होत नाही. भाजी वाढते ती, अन् सगळं गिळून टाकतो."

"काकू रागावल्या तर, काका?"

"रागावली तं रागावू दे. हक्क आहे तिचा." आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आले. "वारा पुरा नको काढू. थोडा राहू दे मधात."

३० नोव्हेंबर

काकूंना घरी बोलावलं. हेडफोन त्यांच्या डोक्यावरच्या पदरावरून नीट बसवला. म्हटलं, काकांचा आवाज आहे, तुमच्यासाठी. थांबवावंसं वाटलं तर हात वर करा.

हात वर केला नाही. दोन्ही तुकडे ऐकले. डोळे भिंतीवर, हात मांडीवर. चेहऱ्यावर काहीच नाही! मीच कोपऱ्यात उभी राहून रडले. संपल्यावर हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"अजून एकडाव लाव," म्हणाल्या.

लावलं. मग उठल्या. दारात म्हणाल्या, "केवढा आवाज आहे वं वाऱ्याचा. असे ओरडतात तिथं हे?" आणि गेल्या. पुढे काय झालं, माहीत नाही. काकांच्या शेडचं दार आज दिवसभर बंद होतं.

२ डिसेंबर

पहिल्या चार चकरांवरून वारा बांधला. त्यांत काका गप्प आहेत, हे एकेक श्वास ऐकून तपासलं. मोहितला पाठवला. वीस मिनिटांत फोन. "मी खुर्चीत डोकं खाली घातलं, माहितीये? खरोखर! पुढच्या गाडीच्या मागे गेलो तर वारा पडला, बाजूला निघालो तर थोबाडीत बसला. हे काय केलंस तू?"

मी काही केलं नाही, म्हटलं. मी फक्त वाऱ्याच्या वाटेत उभी होते.

काम माझ्याकडेच राहिलं! पण गल्लीच्या टोकाला काय चाललंय देव जाणे. दोनदा तिकडून गेले. पायरी रिकामी.

४ डिसेंबर

काकू आल्या. पायांत नवे कॅनव्हासचे बूट! बसल्याच नाहीत.

"पत्राचं मले तेव्हाच माहीत होतं. आखाडातच पोस्टमननं सांगितलं होतं, तुहं पत्र आलं म्हणून. मी कधी विचारलं नाही. पाहत होते, हे कधी सांगतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते बारके माइक माह्या कानाले लावशील का? मी बाजूच्या सीटवर बसते म्हणते. मलेही त्याईले काही सांगायचं आहे. वाऱ्यात त्याईले ऐकू येणार नाही ना?"

नाही, म्हटलं.

"मंग बरं. ते तू त्याईले नंतर ऐकव."