पायावरील निळी रेघ पुन्हा तपासून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी रुग्णालय, जुनी इमारत, पहिला मजला.

विषय : गुरुवारच्या शस्त्रक्रियेपूर्वी डाव्या पायाची सोनोग्राफी पुन्हा एकदा करण्याबाबत.

संदर्भ : १) निळे मार्कर पेन. २) दुधाची रिकामी पिशवी. ३) एकतीस वर्षे उभे राहणे. ४) चार बोटे. ५) आपल्या कार्यालयाचे तोंडी उत्तर, "पाय बघा."

महोदय,

वरील संदर्भांचा एकमेकांशी संबंध नाही असे आपणांस वाटेल. तो माझ्या डाव्या पायावर आहे.

१. मी केस कापतो. एकतीस वर्षे खुर्ची माझी, पण बसणारे दुसरे. त्यामुळे डाव्या पोटरीच्या शिरा सुतळीच्या गुंत्यासारख्या फुगल्या. आपल्या रुग्णालयात अशा साठ रुग्णांच्या शिरांचा सोनोग्राफीने अभ्यास झाला. त्यात मी क्रमांक एक्केचाळीस.

२. तंत्रज्ञ बाईंनी मला पाटावर भिंतीकडे तोंड करून उभे केले, गार जेल लावले आणि यंत्राची मूठ पोटरीवरून वर नेली. पोटरीमागची शीर बहुतेकांच्या गुडघ्याच्या खळगीत आतल्या मोठ्या शिरेला मिळते. माझी तिथे मिळाली नाही. चार बोटे मांडीवर चढली आणि मग आत वळली. बाईंनी हाक मारली, "अहो, बघायला या! हिचा स्टॉप चुकलाय, पुढे गेलीय." तीन डॉक्टर माझ्या मागे जमले. मी भिंतीचे पोपडे मोजत होतो. बाईंनी शिरेवर निळी रेघ ओढली आणि वळणावर फुली केली. तिथेच बांधून कापायचे. "पुसू देऊ नका हं, काका. परवा ऑपरेशन आहे."

३. त्या परवाला आज एकोणीस दिवस झाले. तारीख दोनदा पुढे गेली. मी पायाला दुधाची पिशवी बांधून आंघोळ करतो, पण घाम कुणाचे ऐकतो? रेघ फिकी पडू लागली तशी पत्नीने तसलेच पेन आणले आणि एक दिवसाआड ती गिरवू लागली. "हलू नका. गिऱ्हाइकांना दम देता ना, तसाच देतेय." अगदी जीव लावून गिरवते.

४. आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कानाजवळचा एक कल्ला दुसऱ्याच्या बरोबरीला आणायला गेले की दोन्ही केसाकेसाने वर सरकतात आणि शेवटी गिऱ्हाईक नुसते कान घेऊन घरी जाते. परवा दुकानात दोन आरशांमध्ये मी माझी पोटरी पाहिली. आरसा दुसऱ्यासाठी धरायची सवय, म्हणून आधी सुचले नाही. गिरवता गिरवता फुली गुडघ्याच्या खळगीत उतरली आहे. चार बोटे खाली, सगळ्यांची असते तिथे.

५. अहवालात फुलीची उंची लिहिलेली नाही. "पायावरील खुणेप्रमाणे" एवढेच आहे. आपल्या कार्यालयात कागद दाखवला, तर "कागद काय दाखवता, पाय बघा." शस्त्रक्रिया विभागात पाय दाखवला, तर "पाय काय दाखवता, कागद आणा." शिरेचे वळण फुलीच्या चार बोटे वर आहे असे सांगितले, तर "डॉक्टर तुम्ही की आम्ही?" तंत्रज्ञ बाईंची बदली झाली आहे. फेरतपासणी मागितली तेव्हा अभ्यास साठांवर संपला असून मी परत आलो तर एकसष्ट होतील, असे कळवण्यात आले. मी एक्केचाळीसच राहीन, असे लेखी देण्यास तयार आहे.

६. तरी गुरुवारी आत नेण्यापूर्वी मला पाच मिनिटे पाटावर उभे करून खूण नव्याने करावी. उभे राहण्याचा सराव आहे. तसेच बाहेर बसलेल्या माझ्या पत्नीला ही तपासणी सगळ्यांचीच होते असे सांगावे. डॉक्टर तिने गिरवलेल्या रेघेवरून चालणार, हे तिने साऱ्या शेजाऱ्यांना सांगितले आहे. भलतीकडे कापले गेले तर पायाचे मी बघेन. पण ती आयुष्यभर स्वतःच्या हातांकडे बघत बसेल, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

गुरुवारपर्यंत उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
अभ्यास रुग्ण क्र. ४१
दिनांक : १७, सोमवार

सोबत :
१) अहवालाची प्रत.
२) पायाचे चित्र. दोन आरशांत पाहून काढले असल्याने सुलटे आहे.
३) निळे पेन. घरी न सांगता आणले आहे, कृपया बुधवारपर्यंत परत मिळावे.

पत्नीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.