परक्या मुलाला दिलेला होकार

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा आठ अंगांतलं एक वजा करून उरलेल्या सातांचा स्वीकारावा.) तुझी तब्येत कशी आहे? नवी कवळी तोंडात बसली का, की अजून पेल्यातच राहते? वहिनीचा खांदा वर जातो का? फोनवर तू नुसतं ‘ठीक’ म्हणतोस, आणि आपल्या घरात ‘ठीक’चा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही, म्हणून लिहून विचारते. माझं म्हणशील तर टाके सुकलेत, वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथे पोचल्यावर कशाला आले होते ते विसरते. पण हे पत्र गुडघ्याचं नाही. रविवारी माझ्या बाबतीत एक प्रकार घडला. तो मला स्वतःलाच नीट उमगलेला नाही. लिहिता लिहिता उमगेल अशी आशा आहे.

नातीचा वाढदिवस होता आणि तिला थीम पार्क बघायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा, मी घरी पडून राहते. नात म्हणाली, आजी नाही तर मीही नाही, आणि रडायला बसली. तेव्हा जावई एवढंच म्हणाले, “तिथे चाकाची खुर्ची मिळते.” आमचे जावई तुला ठाऊकच आहेत. लिफ्टच्या देखभालीचं काम करतात आणि बोलतातही लिफ्टसारखेच, म्हणजे बटण दाबलं तर आणि मजल्यापुरतं. माणूस लाखात एक. ऑपरेशननंतर मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हापासून रोज शेकायची पिशवी गरम करून माझ्या उशाशी ठेवतात आणि निघून जातात. मला ‘आई’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात, आणि त्यापुढे वाक्य संपतं. आता मी कायमची कुठे राहायची हा प्रश्न होता. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जावई लिफ्टवाला असूनही त्या इमारतीला लिफ्ट नाही. तू ये म्हणालास, म्हणून महिनाअखेरीस तुझ्याकडे यायचं ठरलं. इथे मला कुणी जा म्हटलेलं नाही, पण राहा असंही कुणी म्हटलेलं नाही. (लेक भरपूर बोलते, पण पडद्यांच्या कापडाबद्दल.)

तर पार्कात गेलो. दारातच एक निळी खुर्ची मिळाली. तिथे खुर्चीवाल्यांसाठी अशी पद्धत आहे की इतर लोक आत जायच्या दाराने आत जातात आणि आम्ही बाहेर पडायच्या दाराने. त्यामुळे प्रत्येक खेळाची सुरुवात माझ्यासाठी शेवटाने झाली. समोरून ओले, केस उभे राहिलेले, पांढरेफटक लोक यायचे, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मी ठरवायचे की आपण काही यात बसणार नाही. एका बाईने माझा हात धरून सांगितलं की घाबरू नका, काही होत नाही, आणि हे सांगून त्या कचऱ्याच्या डब्याकडे धावत गेल्या. लेक आणि नात एकेका खेळात नाहीशा व्हायच्या. जावई माझ्या मागे उभे राहून वरच्या खांबांचे नटबोल्ट न्याहाळायचे. अधूनमधून “बरंय” म्हणायचे. ते मला उद्देशून की बोल्टला, कळायला मार्ग नव्हता.

पाण्याच्या घसरगुंडीपाशी सगळ्यांना टोपीवाले हिरवे रेनकोट देतात. ते घातल्यावर माणसांतला फरकच जातो. म्हातारी, तरुण, जाडी, बारीक, सगळी एकाच जातीची भाजी दिसायला लागतात. जावयांनी माझी खुर्ची कठड्याशी लावली आणि मागे राहिलेला वॉकर आणायला गेले. माझ्या शेजारी आणखी एक खुर्ची होती, तीही निळी, तिच्यातही हिरवा रेनकोट. तेवढ्यात वरून पाण्याचा लोट आला, तिथला माणूस धावला आणि त्याने आमच्या दोघींच्या खुर्च्या ओढून मागे घेतल्या. (माझा अंदाज आहे की घोळ तिथेच झाला. पण मी टोपीच्या आत होते, तेव्हा शपथेवर सांगणार नाही.) थोड्या वेळाने खुर्चीचा ब्रेक सुटला आणि आम्ही निघालो. मागे वळून बघावं तर मानही वळेना आणि टोपीही.

बरंच अंतर गेल्यावर मागून आवाज आला, “आई, एक बोलायचं होतं. घरी जमत नाही.” चहूकडे गाणी, पाणी आणि किंकाळ्या. त्यातून आवाज घोगरा. मला वाटलं, गारठ्याने बसला असेल. (टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी उभी हयात गेली. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखते, ही माझी ख्याती तू कितीजणांना सांगितली असशील. यापुढे सांगू नकोस.) मग तो म्हणाला, “तू आता परत जाऊ नकोस. आमच्याकडेच राहा. मागची खोली रिकामीच आहे. हिला तोंडाने म्हणता येत नाही, पण तिलाही तेच हवंय.”

दादा, माझं लक्ष खोलीकडे गेलंच नाही. ते गेलं ‘तू’कडे. लेकीच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने मला कधी चुकूनही ‘तू’ म्हटलं नव्हतं. मला वाटलं, पाठीमागे उभं राहिल्यावर तोंड दिसत नाही, म्हणून बिचाऱ्याला धीर आला. तुझ्याकडे यायचं ठरलंय, वहिनीने कपाटही रिकामं केलंय, हे सगळं त्या क्षणी आठवलं, तरी मी म्हटलं, “हो. राहते.” खुर्ची थांबली. मागे कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. आणि माझा घसरलेला पाय खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवायला जो माणूस पुढे येऊन वाकला, तो टकला होता.

आमच्या जावयांना भरपूर केस आहेत.

तो म्हणाला, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “मी आई. पण तुमची नाही.” यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, “मग हो कोण म्हणालं?” मग त्याने सगळं सांगितलं. बेकरी चालवणारा साधा माणूस. आईला विचारायचं म्हणून आठवडाभर मनात घोकत होता, आणि घोकलेलं सगळं माझ्यावर खर्च झालं. आम्ही चौकशीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीने हरवलेल्या बाईचं वर्णन विचारलं. तो म्हणाला, निळी खुर्ची, हिरवा रेनकोट, पांढरे केस. मुलीने माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, “सापडल्या की.”

शेवटी मीच वर बघितलं म्हणून छडा लागला. तिथे एक मोठं, अगदी संथ फिरणारं चक्र आहे. त्याच्या काचेच्या डब्यात खुर्चीसकट जाता येतं. सगळ्यात वरच्या डब्यात आमचे जावई होते. पुढे काचेला लावलेली खुर्ची, तिच्यात हिरवा रेनकोट, आणि मागच्या बाकावर जावई. आणि दादा, ते बोलत होते. हातवारे करून बोलत होते. डबा वरून खाली येईपर्यंत त्यांचं बोलणं थांबलं नाही. मी खाली बसून बघत होते आणि मला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला, हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार नाही.

डबा खाली आला. दार उघडताच जावयांनी मला पाहिलं, मग पुढे होऊन टोपीच्या आत डोकावून पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले. म्हातारबाई मात्र खुशीत होत्या. मला म्हणाल्या, “फार गुणी मुलगा हो तुमचा. किती मनापासून बोलत होता. मला ऐकू काही आलं नाही, पाण्याने बिघडेल म्हणून कानातलं यंत्र काढून ठेवलंय.” मग बेकरीवाल्याने त्यांच्या कानात यंत्र घातलं आणि आपलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला माझं घर आहे.” त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, “अहो, हो म्हणा. मी मघाशी म्हणून बघितलं, बरं वाटतं.” त्या विचारात पडल्या. “तुम्ही कुणाला म्हणालात?” असं त्यांनी विचारलं, आणि ते समजावून सांगेपर्यंत दोघींचे डोळे ओले झाले होते. जाताना त्या मुलाला म्हणाल्या, “खोलीला खिडकी आहे का?” म्हणजे काम झालं असावं.

परतताना गाडीत मी जावयांना विचारलं, “वर काय बोलत होतात?” ते म्हणाले, “हवेबद्दल.” लेक म्हणाली, “इतकं?” त्यांनी गाडीच्या काचा पुसायचा पंखा सुरू केला. बाहेर पाऊस नव्हता.

असो. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. महिनाअखेरीस येण्याचं नक्की आहेच. फक्त तू एकदा लेकीला फोन करून सांग की तुमच्याकडे सध्या जागा नाही, रंगकाम काढलंय, काहीही सांग. मला नको म्हण. मी वाईट वाटल्यासारखं करीन. मग कुणाला विचारायलाही नको आणि सांगायलाही नको.

पुन्हा ता. क. पण त्याआधी जावयांना हळूच विचार की त्या चक्रात ते काय म्हणत होते. तुझ्याशी ते बोलतात. ‘आई कधी जाणार’ असं विचारत असतील, तर वरचं रद्द समज आणि वहिनीला कपाट तसंच ठेवायला सांग.

आणखी एक. हे लिहिताना मघापासून घरात ठोकाठोक चालली आहे. मला वाटलं शेजारी असतील. आत्ता लेक सांगत आली की आपल्याच बाथरूममध्ये मिस्त्री आलाय, भिंतीला धरायची दांडी बसवतोय, जावई आजच्यापुरते कामावर गेलेले नाहीत, आणि दांडी किती उंचीवर हवी ते बघायला मला उभं राहायला बोलावलंय. दादा, महिनाअखेरीस जाणाऱ्या माणसासाठी कुणी टाइल फोडतं का? मला काही कळत नाही. उलट टपाली कळव. मी उभी राहायला चालले.